चिमटा बसेल का?

दुकानात त्याला शंकासुर म्हणायचे. अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘सर’, कारण तो शाळेत भूगोल शिकवायचा. पन्नाशी जवळ आल्यावर त्याला डोंगरात सायकल चालवायचं वेड लागलं, आणि माउंटन बाइक घेतल्या दिवसापासून त्याने दुकानाला भंडावून सोडलं. चेनला तेल किती दिवसांनी? चिखलातून आल्यावर पाण्याचा फवारा मारला तर बेअरिंगमध्ये पाणी शिरतं का? टायरमध्ये हवा कमी ठेवावी म्हणतात, पण कमी म्हणजे नेमकी किती? उत्तर मिळालं तरी तोच प्रश्न चार दिवसांनी फिरून विचारणार, खात्री करून घ्यायला.

दुकान दोन भावंडांचं होतं. थोरला काउंटरवर बसायचा, धाकटी मागच्या खोलीत दुरुस्ती करायची. वडील गेल्यावर ही वाटणी आपोआपच झाली. ज्याला जीभ होती तो पुढे, जिला हात होता ती मागे. धाकटी बेचाळीसची, लग्न न केलेली. थोरला, वहिनी आणि ती, तिघं दुकानाच्या वरच राहायची. वाकडं फिरणाऱ्या चाकाचा आउट काढावा तर तिनेच, असं लांबलांबचे सायकलवाले सांगायचे.

फोन थोरला घ्यायचा. अवघड प्रश्न असला की तो मान मागे वळवून ओरडायचा, “अगं, ऐकलंस का?” आणि ती आतूनच उत्तर द्यायची.

त्या शनिवारी दुकानात गर्दी होती. धाकटी चाक स्टँडला लावून स्पोक पिळत बसली होती. मधलं दार उघडंच होतं.

“बोला सर,” थोरला फोनवर म्हणाला. “पुढच्या चाकाचा चिमटा बदलायचाय? शॉकअपवाला? किती दबणारा म्हणालात, एकशे साठ मिलिमीटर?” त्याने एका गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं. “बसेल की. नळीचं माप तेच आहे. बिनधास्त लावा.”

या वेळी त्याने मान वळवली नाही.

धाकटीचा हात थांबला. सरांची सायकल तिला पाठ होती. त्या सायकलचा मूळ चिमटा एकशे वीसचा होता आणि फ्रेम तेवढ्याच चिमट्यासाठी घडवलेली होती. एकशे साठचा त्यात बसतो, यात खोटं काही नाही. पण तो उंच असल्याने पुढची बाजू वर उचलली जाते, आणि प्रत्येक धक्क्याला लांब चिमटा फ्रेमच्या पुढच्या सांध्यावर पहारीसारखा जोर टाकतो. हे सांगायला हवं होतं. तिने स्वतःशी म्हटलं, एवढा स्पोक होऊ दे. मग म्हटलं, सोमवारी त्याचा परत फोन येईलच. तो काय एकदा विचारून गप्प बसणारा आहे?

नेमकं याच वेळी सरांनी परत विचारलं नाही.

तीन महिन्यांनी त्याची बायको दुकानात आली. औषधांच्या दुकानात काम करणारी, हळू आवाजात बोलणारी बाई. तिच्या दिराने मोडकी सायकल गाडीतून उतरवून भिंतीला टेकवली. पुढचं चाक आणि चिमटा वेगळे, बाकीची फ्रेम वेगळी.

“उतारावर पडले,” ती म्हणाली. “जीव वाचला. पण मानेखाली काही हलत नाही. हातांना थोडी जाणीव आहे, पण उचलत नाहीत.”

थोरला उठून उभा राहिला. “अरेरे. फार वाईट झालं हो.”

“ते दिवसभर एकच घोकत असतात, की बोल्ट माझ्याकडूनच सैल राहिला. चिमटा त्यांनी स्वतः घरी बसवला होता ना. मला म्हणाले, दुकानात ने आणि विचारून ये. बोल्ट सैल होता का, एवढंच बघून सांगा.”

“बघून ठेवतो,” थोरला म्हणाला. “उद्या कळवतो.”

धाकटीने सायकल आत नेली. सगळे बोल्ट घट्ट होते. शिवाय प्रत्येकावर त्याने पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली होती, बोल्ट फिरला तर लगेच दिसावं म्हणून. एकही रेघ सरकलेली नव्हती. फ्रेम तुटली होती ती पुढच्या सांध्याच्या खालून, वेल्डिंगच्या कडेला. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग चकचकीत होता आणि अर्धा काळपट, आत माती गेलेला. म्हणजे भेग एका दिवसाची नव्हती. कित्येक आठवडे ती केसाकेसाने वाढत होती आणि तो वरून सायकल चालवत होता.

जेवताना तिने विषय काढला.

“त्याने स्वतः बसवला,” थोरला म्हणाला. “आपण हात तरी लावला का?”

“तू सांगितलंस, बसेल.”

“मग बसलाच ना! बसला नाही असं कोण म्हणतंय?”

“दादा.”

“हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याला वाटतंय बोल्ट सैल होता, तर वाटू दे.”

वहिनीने पानातून मान वर केली नाही. “त्यांचं मोडायचं ते मोडलं. आता आपलंही मोडून घ्यायचं का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी न सांगता सरांच्या घरी गेली.

पलंग खिडकीशी होता. त्यावर पडलेला तो बराच वाळला होता. तिला पाहून म्हणाला, “कोणता बोल्ट?”

“एकही नाही, सर. सगळे घट्ट होते. फ्रेम तुटली.”

“का?”

तिने सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता, मधूनमधून विचारत होता. पुढची बाजू किती अंशांनी उचलली गेली? भेग वरून सुरू झाली की खालून? दिसली असती का? खाली वाकून, पुसून पाहिलं असतं तर दिसली असती, असं तिने सांगितलं. खोटं बोलायला ती आलीच नव्हती.

“म्हणजे माझे हात बरोबर होते,” तो म्हणाला.

“बरोबर होते.”

त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं. बायकोने पदराने पुसलं.

मग त्याने विचारलं, “दादांनी फोन घेतला, तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“आत. ऐकत होते.”

“तुम्हाला हे सगळं तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

“दादांना माहीत नव्हतं, त्यांची चूक झाली. तुमचं काय झालं?”

“कंटाळा आला होता, सर. तुमच्या प्रश्नांचा.”

त्याने मान भिंतीकडे वळवली. तेवढीच त्याला वळवता येत होती.

“जा तुम्ही,” तो म्हणाला.

पंधरवड्याने चौकशी अधिकारी दुकानात आला. सरांच्या बायकोने नगरपालिकेत तक्रार नोंदवली होती. त्या दिवशी फोन कोणी घेतला, हा त्याचा पहिला प्रश्न.

थोरला टेबलावरचा पाना उगाचच पुसत राहिला. “मला नाही आठवत,” तो म्हणाला. “दुरुस्तीचं सगळं हीच बघते. हिनेच घेतला असेल.”

धाकटीने भावाकडे पाहिलं. लहानपणी याच भावाने तिला सायकल शिकवली होती, मागचं कॅरिअर धरून, सोडलं तरी सोडलं नाही असं सांगत. त्याचे कान लाल झाले होते.

“फोन दादाने घेतला,” ती म्हणाली. “तो चुकीचं सांगतोय हे मला कळलं होतं. मी गप्प बसले. दोन्ही लिहा.”

अधिकाऱ्याने दोन्ही लिहिलं.

दुकानाचा परवाना गेला. थोरला त्यानंतर तिच्याशी बोलला नाही. वहिनी बोलली, एकदाच. “घर बुडवून पुण्य मिळालं का?” धाकटीने हत्यारांची पेटी उचलली आणि बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये कामाला लागली. तिथे बसच्या सीटांचे सांगाडे दुरुस्त करायचे असत. राहायला जवळच एक खोली मिळाली.

अपघातानंतर आठव्या महिन्यात सर न्यूमोनियाने गेले. डेपोत कोणीतरी बोलताना तिला कळलं. ती तशीच, कामाच्या कपड्यांत, त्यांच्या घरी गेली. दारात बायको उभी होती.

“आत या म्हणवत नाही मला,” ती म्हणाली.

“कळतं मला.”

“बोल्टांचं बोलणं त्यांनी सोडलं होतं. शेवटी शेवटी तुमच्याबद्दल बोलायचे. चांगलं नाही बोलायचे.”

धाकटीने मान हलवली. अंत्ययात्रा निघेपर्यंत ती समोरच्या फुटपाथवर उभी राहिली. नंतर डेपोत परत गेली. पाळी संपायला अजून तीन तास होते.