शुक्रवारची चिठ्ठी

सातजणी हातात फोन धरून समोर बसल्या होत्या आणि इल्पोला तुओवीचं पत्र आठवत होतं. दोन वर्षं झाली, त्याने त्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. तीनच ओळींचं पत्र. ‘मला नोकरी परत नको. माझी चिठ्ठी तुला मिळाली होती, एवढंच त्यांना सांग. उपकार म्हणून नको, खरं आहे म्हणून सांग.’

इल्पो नगरपालिकेच्या घरसेवेत कारकून होता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरी जाऊन औषध देणाऱ्या, आंघोळ घालणाऱ्या बायकांच्या पाळ्या तो लावायचा. वह्या जाऊन फोन आले, तेव्हा साठीकडे झुकलेल्या बायकांना ते शिकवायचं काम त्याच्याकडे आलं. तोही त्यांच्याच वयाचा, शिवाय कुणावर आवाज चढवणं त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. बायका त्याला मास्तर म्हणू लागल्या. त्याला ते आवडायचं.

भेट संपली की फोनवर दोन बटणं यायची. हिरवं म्हणजे भेट झाली. पिवळं म्हणजे माणूस भेटला नाही. ते दाबलं की एकामागून एक अकरा प्रश्न. तुओवी त्या प्रश्नांपाशी अडायची. एकतीस वर्षं तिने बर्फातून वाट काढत ही घरं सांभाळली होती, कुणाला कोणत्या कुशीवर झोप लागते हे तिला ठाऊक होतं, पण सहाव्या प्रश्नापुढे तिला जाताच यायचं नाही. एका संध्याकाळी ती इल्पोच्या टेबलाशी येऊन रडली. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाला, “पिवळ्याचं सोड. तू हिरवं दाब, आणि काय झालं ते चिठ्ठीवर लिहून माझ्या पेटीत टाक. संध्याकाळी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नोंद दुरुस्त करत जाईन.”

“आणि अंगाशी आलं तर, मास्तर?”

“मी आहे ना.”

सात महिने हे बिनबोभाट चाललं. मग ऑक्टोबरातला तो शुक्रवार आला. तळ्याकाठच्या काउकोच्या दाराला खराटा टेकवलेला होता. दाराला खराटा म्हणजे घरात कोणी नाही. कुलपापेक्षा त्या खुणेवर माणसं जास्त विश्वास ठेवत आली आहेत, आणि तशा घरात कोणी पाऊल टाकत नाही. तुओवी दोन हाका मारून परतली. हिरवं दाबलं, आणि चिठ्ठी लिहिली : ‘काउको बाहेर गेलाय. दाराला खराटा. संध्याकाळच्या पाळीने नक्की बघून यावं.’

त्या दिवशी इल्पो दोन वाजताच निघून गेला होता. तळं गोठायच्या आत त्याला जाळी वर काढायची होती, आणि नवं पुस्तकही पिशवीत होतं. चिठ्ठीची त्याला आठवणसुद्धा झाली नाही. नोंदीत भेट झालेली दिसत होती, म्हणून संध्याकाळी काउकोकडे कुणी गेलं नाही. रविवारी काउको त्याच्या मुलीला लाकडांच्या खोपटात सापडला. पाय मोडला होता. शनिवारी पहाटेपर्यंत तो जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले.

सोमवारी इल्पो सगळ्यांच्या आधी ऑफिसात आला, आणि चिठ्ठी पेटीतून त्याच्या खिशातल्या पैशांच्या पाकिटात गेली, ती तिथेच राहिली.

चौकशीत तुओवी एवढंच म्हणत राहिली, की पेटी बघा. पेटी रिकामी होती. इल्पोला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, की दोन्ही बटणं त्याने सगळ्यांना शिकवली होती. ते खोटं नव्हतं. तुओवीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. तिची नोकरी गेली.

“मास्तर, याला बोट लावलं की हे पळतंय,” समोरच्या सातजणींतल्या व्हिएनोने आपला नवा फोन पुढे केला. “आमच्या घरातल्यासारखंच.”

बायका हसल्या. त्या हशात मार्केता म्हणाली, “फार डोकं लावू नकोस गं. घाई असली की सरळ तुओवी करायची. हिरवं दाबायचं आणि घर गाठायचं.”

पुन्हा हशा झाला. त्यात वाईटपणा नव्हता. तो शब्द आता ऑफिसात रुळलाच होता. व्हिएनो मात्र हसली नाही. तुओवी तिच्या शेजारची. ती सांगू लागली, की तुओवी आता गावातल्या दुकानाची पायरी चढत नाही. दूध आणायलासुद्धा बसने पार कुओपिओ शहरात जाते. मग तिने इल्पोकडे वळून विचारलं, “तू तर होतास ना रे तेव्हा. तिला येत नव्हतं, की तिने अंग चोरलं?”

सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. “कॉफी पिऊन या,” तो म्हणाला, “अर्ध्या तासाने बसू.”

कागद घेऊन तो मागच्या खोलीत बसला. पहिल्या कागदावर जाळ्यांची गोष्ट आली, दुसऱ्यावर निवृत्तीला राहिलेल्या चौदा महिन्यांची. दोन्ही त्याने फाडले. तिसऱ्यावर लिहिलं : ‘तुओवी, हिरवं दाबायला मीच सांगितलं होतं. तुझी चिठ्ठी सोमवारी मला मिळाली आणि ती मीच लपवली. ती चिठ्ठी आणि या पत्राची नक्कल आज नगरपालिकेला पाठवतो आहे.’ खाली क्षमेचं एक वाक्य लिहिलं. ते तिच्याकडे काहीतरी मागतंय असं वाटून त्याने खोडलं.

नगरपालिकेचं पाकीट खरं तर याच इमारतीत दोन मजले चढून हातोहात देता आलं असतं. पण तेवढ्या पायऱ्या चढेपर्यंत आपलं मन बदलणार नाही, याचा त्याला भरवसा नव्हता. तो कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेला, फटीवरचा बर्फ बाहीने पुसला आणि दोन्ही पाकिटं आत सोडली.

लगेच त्याने हातमोजा काढून फटीत बोटं घातली. ती पेरांपर्यंतच गेली. मग हात बाहेर काढून तो सातजणींकडे परत निघाला.