एकेचाळीस क्लिप

ई-पोर्टफोलिओचं पहिलं पान शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत भरलं नाही, तर रुग्णालयातल्या शेवटच्या प्रशिक्षणाच्या यादीतून माझं नाव निघणार होतं. स्पीच थेरपीच्या अभ्यासाचं एक सत्र मी आधीच गमावलं होतं. दुसरं गमावलं तर मी पुन्हा कधी वर्गात बसेन, यावर माझाच विश्वास नव्हता.

गुरुवार होता, दुपारचे दोन. माझी मुलगी चिमी आतल्या खोलीत झोपली होती. ती अडीच वर्षांची आहे आणि ती झोपली की मी दर दहा मिनिटांनी जाऊन तिच्या नाकाशी बोट धरते. हे मी कुणाला सांगत नाही. आईला माहीत आहे.

"श्वास चालू आहे तिचा," आई म्हणाली. "तू तुझा पेटारा उघड."

पोर्टफोलिओला ती पेटारा म्हणते. शिकताना जे काम केलं त्याचे पुरावे कॉम्प्युटरवर एका जागी लावायचे, प्रत्येकाखाली आपण काय शिकलो ते लिहायचं, पुढे नोकरीलाही तेच दाखवायचं, असं मी तिला समजावलं होतं. "म्हणजे पेटाराच की," ती म्हणाली होती, "फक्त कुलूप नाही."

आमच्या मॅडमनी सांगितलं होतं, "बाकीचं मागाहून भर. आधी एक रुग्ण दाखव, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत." माझ्याकडे असा एकच रुग्ण होता. बाबा.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि बोलणं गेलं. आठवड्यातून एकदा रुग्णालयात आणि बाकीचे दिवस घरी, याच टेबलाशी, मी त्यांचा सराव घ्यायचे. पाच शब्द ठरवले होते: पाणी, दार, चष्मा, उशी, दिवा. सात महिने आम्ही त्या पाच शब्दांभोवती फिरलो. मग दुसरा झटका आला. त्याला आता चार महिने झाले. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीवर आम्ही घड्या घातलेले कपडे ठेवतो. तशी पद्धत कुणी ठरवली नाही, पण कपडे कपाटात गेले की संध्याकाळपर्यंत दुसरे तिथे येतात.

घरचा माणूस रुग्ण म्हणून चालेल, फक्त आईंची लेखी संमती घे, असं मॅडम म्हणाल्या होत्या. मी कागद आईपुढे ठेवला. तिने चष्मा लावला आणि औषधाच्या बाटलीवरचं वाचावं तसा तो शब्दन् शब्द वाचला.

"यात रुग्ण, रुग्ण लिहिलंय. ते म्हणजे हेच ना?"

"हो. नाव घालायचं नसतं."

"बरं आहे. आयुष्यभर प्रत्येक कागदावर नावाची चूक काढायचे. इथे सुटले." तिने पेन उचललं आणि परत ठेवलं. "सही करते. पण आधी मला ऐकव. हे गेल्यापासून मी आवाज ऐकलेला नाही."

मी फोल्डर उघडलं. एकेचाळीस क्लिप, तारखेप्रमाणे लावलेल्या. पहिली लावली. "पा..." दुसरी. "पाई." नववीत "पाणी" नीट आलं. मग "दार". "दार". "चष्मा"चा "च्या". प्रत्येक क्लिप दोन-तीन सेकंदांची. आई हनुवटी तळहातावर टेकून ऐकत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तिला काही झालं तर पाणी कुठे आहे, फोन कुठे आहे, याचा हिशेब मनात लावत.

एकेचाळीसही संपल्या. फार तर दोन मिनिटं लागली असतील.

"मधलं कुठे आहे?" आईने विचारलं.

"मधलं म्हणजे?"

"अगं, हे हसायचे. मला हात करून बोलवायचे. आणि त्या दिवशी चिमीला हाक मारली होती, अख्खी. तू फोन धरून बसली होतीस की समोर."

ते मला आठवत होतं. पुरावा नेमका असावा, ठरवलेला शब्द तेवढा ठेवावा, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हणून सराव संपला की मी तिथेच, बाबांच्या समोर बसून, क्लिप कापायचे. शब्दाच्या आधीचं, नंतरचं, माझं "हं, पुन्हा एकदा", आईचं मध्ये बोलणं, टाळ्या, सगळं काढून टाकायचे. बाबा माझं होईपर्यंत थांबायचे. मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकायचे, कारण फोन भरलेला असायचा. चिमीच्या व्हिडिओंनी.

"आई, ते मी ठेवलं नाही."

"कुठेच नाही?"

"चिमी हा शब्द यादीत नव्हता."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने हळूच विचारलं, "मग त्या दिवशी काय लिहिलंस? तू लिहायचीस ना काहीतरी, रेघा मारून."

मी वही काढली. तारीख, दाखवलेली वस्तू, बरोबर की चूक, असे रकाने. शेवटच्या तीन आठवड्यांत बाबांना काहीही दाखवलं तरी बहुतेक एकच शब्द यायचा. आमच्या विषयात त्याला अडकलेला शब्द म्हणतात आणि त्याची नोंद चूक अशी करतात. शेजारी रुग्ण काय म्हणाला तेही लिहायचं असतं, म्हणून मी इमानदारीने लिहिलं होतं.

आई बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागली. "पाणी. चूक. चिमी. उशी. चूक. चिमी. दिवा. चूक. चिमी." पान उलटलं. "चष्मा. चूक..." तिथे ती थांबली. त्या ओळीत आईचं नाव होतं. त्यालाही मी चूक लिहिलं होतं.

"हे कधी म्हणाले?"

"तू चष्मा आणून दिलास तेव्हा."

"मला ऐकू आलं नाही."

"हळू म्हणाले होते."

तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला, आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग संमतीच्या कागदावर सही केली. "हे पान घाल पेटाऱ्यात," ती म्हणाली.

"आई, यात प्रगती दिसत नाही. सगळ्या चुका आहेत."

"कुणाच्या?"

मी पानाचा फोटो काढला. त्या ओळीतलं आईचं नाव झाकलं, ते आईनेच करायला लावलं, "ते आपल्यापुरतं राहू दे" म्हणून. पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर चौकट होती: या पुराव्यातून तुम्ही काय शिकलात? मी लिहिलं, मी रुग्णाचं बोलणं कापत होते. पुसलं. पुन्हा तेच लिहिलं, आणि पुढे काही सुचेना.

तेवढ्यात आईने माझा फोन घेऊन एक क्लिप पुन्हा लावली. "दार."

आतून पावलं वाजली. चिमी उठली होती. केस विस्कटलेले, एका पायात मोजा. सरावात तिचं हेच काम असायचं: आजोबा दार म्हणाले की तिने दार ढकलायचं आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. ती सरळ दाराशी गेली आणि दोन्ही हातांनी ते ढकललं. मग वळून कपड्यांनी भरलेल्या खुर्चीकडे बघत उभी राहिली.

मी दाराबाहेरच्या जिन्याच्या भीतीने अर्धी उठले होते. आई जागेवरच बसून टाळ्या वाजवायला लागली, एकटीच. चिमी हसली नाही. तिने दार लावलं, पुन्हा उघडलं, आणि थांबली.