सोनूबाईंची न निघालेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी ईसीजी मशीन आहे. माणसाच्या काळजाचे ठोके कागदावर रेघेने उमटवायचे, एवढेच माझे काम. १९८६ साली डॉक्टर बद्रीनाथांनी मला जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या आपल्या दवाखान्यात आणले. माझ्या तारा हातापायांना आणि छातीला लावत, मग तापलेली सुई कागदावर सरकत जाई आणि पट्टी बाहेर पडे.

पहिल्याच वर्षी संपत मास्तर आले. वर्गात शिकवता शिकवता ते छाती धरून खाली बसले होते. माझी पट्टी पाहताच डॉक्टरांनी जीप बोलावली आणि त्यांना जालन्याला पाठवले. मास्तर वाचले. महिन्याने नारळ घेऊन आले आणि म्हणाले, "डाक्टरसाहेब, ही मशीन बोलली म्हणून मी आज बोलून राह्यलो." तेव्हापासून पंचक्रोशीत माझे नाव झाले.

पुढची सात वर्षे माझ्या तारा लागल्या त्या बहुतेक पुरुषांनाच. बायांची काळजे दुखत नव्हती असे नाही. पण त्यांचे दुखणे पुष्कळदा वेगळ्याच जागी बोले. शिवाय तारा लावायला चोळी काढावी लागे आणि खोलीला पडदा नव्हता. बाया लाजत, डॉक्टर टाळत.

१९९३च्या एका बाजाराच्या दिवशी सोनूबाई आल्या. पन्नाशी उलटलेली, अंगात साखरेचा आजार. सोबत नवरा पुंजाराम होता. पंधरा दिवसांपासून चाऱ्याचा भारा घेऊन चार पावले टाकली की त्यांना बसावे लागत होते.

"छातीत दुखतं का?" डॉक्टरांनी विचारले.

"न्हाई साहेब. जबडा ठणकून राह्यला. पाठीत बी दुखतंय. मळमळतंय, अन् घाम तर थांबंना."

"उपास केल्ता का?"

"परवा एकादस होती."

"मंग बराबर. पित्त खवळलंय."

सत्यशीला सिस्टरचा हात माझ्यावरच्या कापडावर होता. "सर, मशीन लावू का?"

"छातीत कळ न्हाई तर कशाला? बाईमाणसाला उगाच संकोच."

सोनूबाई पित्ताच्या गोळ्या घेऊन गेल्या. त्यांच्यापासून मी दोन हातांवर होते. कापडाखालीच राहिले.

तिसऱ्या दिवशी पुंजाराम एकटाच आला. त्याने कागदाची पुडी टेबलावर ठेवली. "सोनू काल सकाळी गेली, साहेब. चुलीपुढं बसल्या जागी. एवढ्या गोळ्या उरल्या. कुणाच्या कामी आल्या तर बघा."

डॉक्टरांनी पुडी उचलली.

त्या आठवड्यात सत्यशीलाताईंनी दोन जुन्या साड्या जोडून खोलीला पडदा शिवला. कुणी सांगितले नव्हते.

दोन वर्षांनी केशरबाई आल्या. मजुरीवर निंदणीला गेल्या होत्या, तिथूनच सून नंदाबाईने त्यांना आणले. दम लागला होता, दोनदा उलटी झाली होती. छातीत दुखत नव्हते. या वेळी डॉक्टरांनीच पडदा ओढून घेतला.

पट्टी निघाली. अगदी स्वच्छ.

मित्रांनो, हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही. त्या घडीला जे उमटत होते तेच मी लिहिले. पण काळीज कधी कधी आपले दुखणे उशिरा दाखवते.

"चांगलं निघालं म्हंता ना? मंग जाऊ द्या बाई," केशरबाई उठू लागल्या. "घरी वैरण टाकायची हाये."

सत्यशीलाताईंनी त्यांचा हात धरला. हात ओला, गार होता. "न्हाई केशरबाई, अर्धा घंटा पडून राहा. सर, मी परत काढते."

डॉक्टरांनी सिस्टरकडे पाहिले, मग पुन्हा पट्टीकडे. "काढा. अन् जीपवाल्याला थांबवून ठेवा."

दुसऱ्या पट्टीवर रेघ ठिकठिकाणी वर उचललेली होती, म्हणजे हृदयविकाराचा झटका. डॉक्टरांनी लगेच रक्त पातळ करणारी गोळी चावायला दिली आणि केशरबाई जालन्याला रवाना झाल्या. त्या जगल्या. काळीज थोडे अधू झाले. निंदणी सुटली, पण नातवंडांची लग्ने त्यांनी पाहिली.

त्याच वर्षी हिवाळ्यात पुंजाराम खोकल्याचे औषध न्यायला आला. डॉक्टरांनी त्याला बसवून घेतले.

"पुंजाराम, सोनूबाईच्या वख्ताला माझी चूक झाली. मशीन लावायला पाहिजे होती."

पुंजारामने विचारले, "लावली असती तर वाचली असती का?"

"ठाऊक न्हाई. पण लावायला पाहिजे होती."

"बरं झालं सांगितलं," पुंजाराम म्हणाला. "मला वाटत व्हतं, म्याच उशीर केला." तो तोंडाला उपरणे लावून रडला. डॉक्टर त्याच्याशेजारी बाकावर बसून राहिले.

२००३ साली नवी मशीन आली आणि मी माळ्यावर गेले. सुई वाकली आहे, तारांमध्ये मुंग्यांनी घर केले आहे. त्याचे मला काही वाटत नाही. यंत्राचे आयुष्य तेवढेच असते.

एकच मागणे आहे, मित्रांनो. छातीतली कळ बायकांनाही येते. पण कधी नुसता दम लागतो, जबडा, पाठ नाहीतर हात दुखतो, घाम फुटतो, कारण नसताना थकवा येतो. तुमची आई, आजी, काकू असे काही सांगून लगेच "जाऊ दे, काही न्हाई" म्हणाली, तर तिचे पहिले वाक्य खरे धरा, दुसरे नको. आणि ती वैरण तुम्ही टाका; तिला दवाखान्यात न्या.