अकरा सेकंद

जगात हरवलेली वस्तू सापडत नाही असं होतच नाही, माणूस शोधायचं लवकर सोडतो, असं दादासो मेटकरी यांचं सव्वीस वर्षांच्या अनुभवातून बनलेलं मत होतं. हे मत मांडत असताना ते स्वतःचा चष्मा शोधत होते.

"पिशवीत बघितला का?" त्यांच्या पत्नी बनाबाईंनी विचारलं.

"पिशवीत कशाला जाईल त्यो?"

"त्याचा त्यो जात न्हाई. तुमीच टाकला आसंल."

चष्मा पिशवीत होता, भाकरीच्या फडक्यात. शेजारी चहा पीत बसलेला, लोणंदचा गुंडा नावाचा त्यांचा जोडीदार खूश झाला. "वैनी, दोनशे यार्डांवरचा चेंडू हुडकणारा माणूस ह्यो. आन भिंग हुडकाय घरवाली लागतीया."

"चा निवतोय तुजा," दादासो म्हणाले.

हे चाललं होतं पाटणच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, एका पत्र्याच्या शेडमध्ये. या सड्यावर पूर्वी पवनचक्क्या आणि वारा सोडून काही नव्हतं. मग एका बिल्डरनं तिथं अठरा होलचं, म्हणजे अठरा भोकांचं, गोल्फचं मैदान केलं, आणि गेल्या डिसेंबरात देशभरचे एकशे वीस व्यावसायिक गोल्फर वर्षाची शेवटची स्पर्धा खेळायला तिथं आले. त्यांच्याबरोबर एकशे वीस कॅडी आले. खेळाडू हॉटेलात उतरले, कॅडी शेडमध्ये.

कॅडी म्हणजे दुसऱ्याची पिशवी उचलणारा माणूस, असा एक गैरसमज आहे. तसा तो गैरसमज नाही. पंधरा किलोची पिशवी खांद्यावर घेऊन रोज दहा किलोमीटर चालणं हेच ते काम. पण चालता चालता भोक किती लांब आहे, वारा कुठला आहे आणि चौदा काठ्यांपैकी कुठली काढायची, हेही त्यानंच सांगायचं असतं. फटका चांगला गेला तर तो खेळाडूचा असतो.

दादासो या धंद्यात मेंढरांमुळं आले. त्यांचं घर आटपाडीकडचं. दिवाळी झाली की कळप घेऊन पश्चिमेला निघायचं, पाऊस लागायच्या आत परतायचं, असं तीन पिढ्या चाललेलं. सव्वीस वर्षांपूर्वी पुण्याच्या कडेला त्यांची चाळीस मेंढरं पहाटे एका गोल्फ क्लबात शिरली आणि सात नंबरचं ग्रीन खाऊन बाहेर आली. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची गालिच्यासारखी हिरवळ. ती वाढवायला क्लबाला तीन वर्षं लागली होती, मेंढरांना वीस मिनिटं लागली. भरपाई म्हणून दादासोंनी आठ दिवस थांबून झाडीत हरवलेले चेंडू शोधून द्यावेत असं ठरलं. तिसऱ्या दिवशी क्लबाच्या सेक्रेटरीकडं चेंडू ठेवायला जागा उरली नाही. मेंढरं भावाबरोबर पुढं गेली. दादासो राहिले.

त्यांची रीत कुणाला उचलता आली नाही. बाकीचे चेंडू बघत फिरत. दादासो गवत बघत. त्यांनी 'सापडंल' म्हटलं की खेळाडू निवांत पाणी पीत असे. भल्याभल्या खेळाडूंना घाम फुटलेला आणि एक माणूस गवतापुढं उकिडवा बसलेला, हे ज्यांनी बघितलं ते त्याबद्दल हळू आवाजात बोलत.

गेली चार वर्षं ते वीरधवलच्या बॅगेवर होते. कॅडींच्या बोलण्यात नोकरीला बॅग म्हणतात. वीरधवल इस्लामपूरकडच्या ऊसबागायतदाराचा मुलगा, वय एकोणतीस. त्या शुक्रवारी प्रकरण साधं होतं. दोन दिवस खेळून ज्यांचे फटके कमी, ते पहिले पन्नास पुढं खेळणार, बाकीचे घरी जाणार. या रेघेला कट म्हणतात. वीरधवल कटच्या आत राहिला तर पुढच्या वर्षी खेळायचं त्याचं कार्ड वाचणार होतं. नाही राहिला तर त्याचे वडील लालासाहेब त्याला पेट्रोल पंपावर बसवणार होते. पंप बांधून तयार होता. आणि वीरधवल पंपावर बसला की दादासो घरी. चोपन्नाव्या वर्षी गुडघ्याला पट्टा बांधून चालणाऱ्या कॅडीला नवी बॅग कुणी देत नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण पट्टा ते पँटच्या आतून बांधत.

म्हणूनच बनाबाई आल्या होत्या. सव्वीस वर्षांत नवऱ्याचं काम त्यांनी कधी बघितलं नव्हतं, आणि आज नाही बघितलं तर कदाचित राहूनच जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

त्यांनी खेळ नंतर बघितला, आधी गवत बघितलं. डिसेंबरात डोंगरच्या डोंगर हिरवागार, वर पाण्याचे फवारे, आणि त्यावर एक जनावर नाही. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोराच्या बाहेरून त्या चालत होत्या. शेजारून लालासाहेब चालले होते, पांढऱ्या कपड्यांत.

"मालक, ह्ये गवत कोण खातं?"

"कोण न्हाई."

"मग वाडवत्यात कशाला?"

"कापाय."

"आन कापल्यालं?"

"टाकून देत्यात, बाई."

पुढचे दोन होल बनाबाई त्या टाकून दिलेल्या गवताचे ढीग शोधत चालल्या.

लालासाहेब साखर कारखान्याचे संचालक. मुलाच्या पाठिंब्याला त्यांनी चाळीस माणसं आणि एक हलगीवाला आणला होता. हलगी फाटकावरच काढून घेतली गेली. चाळीस माणसांनी पहिल्या होलवर घोषणा दिली, दुसऱ्यावर अर्धी दिली, आणि तिसऱ्यावर वीरधवल काठी घेऊन उभा राहिला तेव्हा ती गप्प झाली. कारखान्याच्या वार्षिक सभेत ज्यांनी कधी कुणाला बोलू दिलं नव्हतं, असे चाळीस लोक एका पांढऱ्या चेंडूपुढं श्वास धरून उभे होते. फटक्याचा आवाज झाला. चेंडू इतका वर गेला की माना मागं करूनही दिसेना, आणि मग भोकापासून चार पावलांवर येऊन बसला.

"आयला," त्यातला एक जण पुटपुटला, आणि त्यानं टोपी काढली.

सोळा होल झाले तेव्हा मोबाईलवर दिसत होतं, वीरधवल कटच्या रेघेवर नेमका उभा आहे. उरलेले दोन होल नीट जायला हवे होते.

सतराव्या होलवर दादासोंनी लांबच्या पवनचक्कीकडं बघितलं. बाकीचे कॅडी चिमूटभर गवत उडवून वारा बघत, ते पवनचक्कीचं तोंड बघत. "उजवीकडं ढकलतोय वारा. डाव्या झाडावर धरा."

वीरधवलनं डाव्या झाडावर धरलं, पण हात किंचित उशिरा फिरले. चेंडू उजवीकडं वळला, वळतच राहिला, आणि मैदानाच्या कडेला न कापलेल्या, कमरेइतक्या वाळक्या कुसळात दिसेनासा झाला.

"काका, दुसरा मारून ठेवू का?" वीरधवलनं विचारलं. चेंडू हरवायची शंका असेल तर तिथूनच दुसरा मारून ठेवता येतो. तसा ठेवला नाही आणि पहिला सापडला नाही, तर सगळ्यांसमोर परत मागं यावं लागतं.

"कशाला? सापडंल."

"मारू द्या की," गुंडा म्हणाला. तो त्याच गटातल्या दुसऱ्या खेळाडूच्या बॅगेवर होता. "काय इस्टेट जातीया का?"

"सापडंल म्हणलं न्हवं?"

वीरधवलनं काठी पिशवीत ठेवली.

चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. त्यानंतर तो सापडला तरी हरवलेलाच. गवतात पाऊल टाकताना दादासोंनी सवयीनं घड्याळाचं बटण दाबलं. पंच तिकडं नवव्या होलला होता. बाकी कुणी वेळ लावली नाही, कारण दादासो लावतात हे सगळ्यांना माहीत होतं.

मदत करावी म्हणून लालासाहेबांची चाळीस माणसं दोर ओलांडून कुसळात उतरली. चाळीस जोड्या पायांनी अर्ध्या मिनिटात गवताची दिशाच बदलून टाकली.

"भाईर व्हा," दादासोंचा आवाज चढला. तो चढतो हे बनाबाईंनाही नवीन होतं. "समदी भाईर. पाय उचलून टाका, घासू नगा."

माणसं पाय उचलत बाहेर आली. त्यात एक मिनिट गेलं. मग दादासोंनी चष्मा काढून खिशात ठेवला. तो त्यांना जवळचं दिसायला लागे, लांबचं नाही. ते उकिडवे बसले. गुडघा वाजला, तो दोरापर्यंत ऐकू आला. त्यांनी डोळे गवताच्या शेंड्यांच्या रेषेत आणले आणि नुसते बघत राहिले. वारा आला की सगळं कुसळ एका अंगाला कलत होतं आणि परत उभं राहत होतं. दोनशे माणसं त्या कुसळाकडं बघत होती आणि दोनशे माणसांना कुसळ दिसत होतं.

दादासो उठले. सरळ रेषेत चौदा पावलं चालले, वाकले, हातानं गवत फाकवलं आणि घड्याळाचं बटण दाबलं.

"हाय," ते म्हणाले.

लालासाहेबांनी दोन्ही हात वर केले. चाळीस माणसांच्या तोंडून असा आवाज निघाला, जो कुठल्याही घोषणेत नसतो. गुंडा लांबूनच म्हणाला, "न्हाई गड्या, ह्येच्या डोळ्यात कायतरी हायच." वीरधवल पळत आला. चेंडूवर त्याची हिरव्या ठिपक्याची खूण होती. त्यानं हसून वर बघितलं.

"वेळेत ना, काका?"

दादासोंनी मनगट वर केलं. चष्म्याशिवाय त्यांना घड्याळातले आकडे दिसत नसत. ते 'व्हय' म्हणाले असते तर ते खोटंही झालं नसतं, नुसता अंदाज झाला असता. त्यांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, डोळ्याला लावला आणि वाचलं.

"तीन मिंटं अकरा. गेला, मालक."

गुंडानं डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात का घेतली हे न कळल्यासारखा तिच्याकडं बघत राहिला.

वीरधवल चेंडूकडं बघत होता. मग "बरं" म्हणाला, तो चेंडू उचलून खिशात टाकला आणि वळून मागं चालायला लागला. अडीचशे यार्ड. दादासो पिशवी घेऊन त्याच्यामागं.

"दुसरा मारू का म्हणलो होतो मी," अर्ध्या वाटेत वीरधवल म्हणाला.

"व्हय. म्या नगं म्हणलो."

"हं."

"चुकलं माजं."

वीरधवल थोडा हळू चालायला लागला, कारण मागच्या गुडघ्याचा आवाज त्याला येत होता.

इकडं दोराबाहेर लालासाहेब कुणाशी भांडावं ते ठरवत होते. "पंच न्हवता तितं?"

"न्हवता," गुंडा म्हणाला.

"मग अकरा सेकंदं मोजली कुणी?"

"दादासोनीच."

"आन सांगितली?"

"त्येनीच."

लालासाहेबांनी आयुष्यात सात निवडणुका लढवल्या होत्या. बनाबाईंकडं बघून ते जरा बाजूला सरकले, जसं मोठ्या माणसाला जागा देतात तसे.

वीरधवलनं तिथून मारलेला फटका त्या दिवसातला सगळ्यात सरळ फटका होता. तो होल दोन जास्तीच्या फटक्यांनी संपला, एक वाया गेलेला आणि एक दंडाचा. अठरावा नीट गेला, आणि दुपारी बारा वाजता फटक्यांच्या कार्डावर सह्या झाल्या.

दुपारी शेडमध्ये दादासो गुडघ्याचा पट्टा सोडत बसले होते.

"कळलं आसतं का कुणाला?" बनाबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"मग का सांगितलंसा?"

"त्येनं इचारलं की."

बनाबाईंनी पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला आणि नवऱ्यासमोर भाकरी सोडली. नंतर त्या आपणहून त्यांच्या अगदी जवळ बसल्या, चारचौघांत.

गोष्ट सड्यावरून खाली उतरली. पाटणला ती अकरा सेकंदांची होती. इस्लामपूरला पोचेपर्यंत चार सेकंदांची झाली, आणि आटपाडीत तर अर्धा सेकंद उरला, शिवाय पंचानं 'चालेल' म्हटलं होतं आणि दादासोंनी ते ऐकलं नव्हतं. एका दैनिकानं फोटो छापला. वीरधवलचं कार्ड गेलं. नवी बॅग दादासोंना आली नाही. सगळ्या खेळाडूंना त्यांच्याविषयी आदर होता, आणि असा माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी बॅगेवर असावा असं सगळ्यांचं मत होतं. दादासो आटपाडीला गेले, भावाच्या मेंढरांत.

फेब्रुवारीत पेट्रोल पंपाचं उद्घाटन झालं. त्यातच लालासाहेबांनी दादासोंचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा. लालासाहेब माईकवर म्हणाले, "त्या अकरा सेकंदांत माझ्या मुलाचं कार्ड गेलं. या माणसानं स्वतःची भाकरी टाकली, पण खोटं बोलला नाही." समोर पाचशे माणसं होती. ती कुणी न सांगता उठून उभी राहिली. वीरधवल पंपाचा गणवेश घालून उभा होता, तोही ताठ झाला. एक म्हातारा स्टेजवर चढला आणि दादासोंच्या पाया पडला. दादासो शाल सावरत खाली बघत होते. त्यांना बोलायला कुणी सांगितलं नाही.

डिसेंबरातल्या त्या शुक्रवारी दुपारी सड्यावरचा वारा पडला होता. उशिरा खेळायला गेलेल्यांचे फटके चांगले गेले आणि कटची रेघ संध्याकाळी आणखी एका फटक्यानं कडक झाली. वीरधवल तीन फटक्यांनी बाहेर राहिला. हरवलेल्या चेंडूचे त्यातले दोनच होते.