पांगाऱ्याचा मासा

सदाशिव पेठेत बाल्कनी म्हणजे काय चीज असते, ते ज्याच्याकडे नाही त्याला विचारावं. हेमाताईंकडे होती, दुसऱ्या मजल्यावर, थेट रस्त्यावर उघडणारी. वीस वर्षं त्यांनी तिथून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली आणि भाजीवाल्या शालूशी वरूनच हुज्जत घालत टोमॅटो वर ओढले. मग त्यांचे यजमान अनंतराव निवृत्त झाले आणि बाल्कनी गेली.

आधी एक टेबल आलं, मग करवत, कानस, रंगांच्या बाटल्या. अनंतराव पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे मासे तासायचे. पोटात शिशाचा तुकडा, डोळ्यांना काचेचे मणी, शेपटीला आकडा. असला खोटा मासा पाण्यावरून ओढला की खरा मासा फसतो आणि झडप घालतो म्हणे. आता गंमत बघा, या घरात सात पिढ्यांत मासा शिजलेला नाही!

"खायला नाही गं, धरून सोडून द्यायला," अनंतराव सांगायचे.

"मग धरायचाच कशाला?" हेमाताई विचारायच्या. चार वर्षांत त्यांना याचं उत्तर काही मिळालं नाही. भुसा मात्र भरपूर मिळाला, अगदी पोह्यांतसुद्धा.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा हेमाताईंनी ठणकावलं, की भाजीसाठी दोन जिने उतरणं आता जमायचं नाही, बाल्कनी मोकळी करा. अनंतराव जन्मभर नकाशे काढलेला माणूस. तोंडी काही मान्य करतील तर शपथ! त्यांनी सुवाच्य अक्षरात अट लिहिली: येत्या सहलीत मी स्वतः केलेल्या माशावर मी स्वतः एक तरी मासा धरीन. न धरल्यास बाल्कनी हेमाच्या ताब्यात. खाली तारीख, दोघांच्या सह्या. कागद फ्रिजवर चुंबकाखाली गेला.

"मीही येणार," हेमाताई म्हणाल्या. "नंतर थापा ऐकायच्या नाहीत मला."

सहल मालवणची. अनंतरावांच्या हौशी मासेमारांच्या गटानं एक अख्खी बोट दिवसभरासाठी ठरवली होती. सहा माणसं, गटाचा पुढारी आयटीतला केयूर, आणि बोटीचा मालक ज्ञानदेव. जायचं होतं किनाऱ्यापासून लांब एका बेटाजवळ. निघताना केयूरनं बोट लागू नये म्हणून गोळी पुढे केली, तर अनंतराव म्हणाले, "मला? मी वरंध घाटातसुद्धा पेपर वाचत जातो." आणि वर चार घावणे हाणले.

हेमाताईंनी समुद्र पाहिला नव्हता असं नाही. पण तो किनाऱ्यावरून, भेळ खाता खाता. इथे तासाभरानं मागची जमीन पुसली गेली आणि चहूकडे नुसतं पाणी उरलं. हिरवं नाही, राखाडी नाही. निळंशार, खोल, जिवंत. "खाली वीस वाव पाणी आसा, वयनी," ज्ञानदेव म्हणाला. एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढं अंतर. हेमाताईंनी मनात आपला वाडा पाडून बांधलेली चार मजली इमारत त्या पाण्यात उभी केली. गच्चीसकट बुडून वर आणखी पाणी उरलं.

आणि मग बेट आलं. काळाकभिन्न खडक, एक झाड नाही, एक घर नाही. लाटा त्याच्यावर आदळून पांढऱ्या होत होत्या आणि वर शेकडो पक्षी ओरडत होते. खडकापुढे एका जागी पाणी उसळत होतं. फोडणीत मोहरी तडतडावी तशी बारीक मासळी पाण्याबाहेर उडत होती. "खालसून मोठो मासो लागलो हा त्यांका," ज्ञानदेव हळूच म्हणाला. बोटीतली एरवी एक मिनिट गप्प न बसणारी पुणेकर मंडळी चिडीचूप झाली. हेमाताईंचे हात नकळत जोडले गेले. हे सगळं इथे रोज चालतं, आपण दळण आणतो तेव्हाही, या विचारानं त्यांना भरून आलं.

नेमक्या त्याच वेळी अनंतरावांचे घावणे परत निघाले. माणूस पांढराफटक पडला. चार वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, त्या दिवशी बादलीत तोंड! तरी त्यांनी कसाबसा एकदा गळ फेकला. निळ्या पाठीचा, पिवळ्या पोटाचा त्यांचा लाडका मासा लांब जाऊन पडला, आणि गळाची काठी हेमाताईंच्या हातात देऊन ते आडवे झाले.

"नुसती दोरी गुंडाळून घे गं," ते कण्हले.

"काकू, फास्ट ओढा," केयूर म्हणाला.

पण हेमाताईंच्या हाताला दोरी ओढायची एकच रीत माहीत होती. दोन हिसके, मग थांबायचं, टोपली स्थिरावू द्यायची, नाहीतर टोमॅटो सांडतात. दोन हिसके, थांबा. लाकडाचा मासा पाण्यावर पुचुक पुचुक करत पुढे आला आणि घायाळ झाल्यासारखा थबकला. पुन्हा दोन हिसके. पुन्हा थांबा.

आणि पाणी फुटलं.

परातीएवढं डोकं वर आलं. रुपेरी, काळसर, आणि त्यात एक मोठा डोळा. त्या डोळ्यानं हेमाताईंकडे पाहिलं, असं त्या आजही शपथेवर सांगतात. मग काठी कमानीसारखी वाकली आणि दोर सूंऽऽ करत खाली धावला.

"अगं बाई! अहो! अहो, उठा!"

"सोडू नकात वयनी! कोकर मासो आसा, मोठो कोकर!" ज्ञानदेव ओरडला. "दमतलो, मगे येतलो!"

केयूरनं मागून त्यांचं जाकीट धरलं. हेमाताईंनी गुडघे बोटीच्या कडेला टेकले. ते दुखतायत हेही त्या विसरल्या. वीस मिनिटं तो ओढत होता आणि त्या धरून होत्या. अनंतराव रांगत रांगत कडेशी आले. कोकर वर आला तेव्हा त्याच्या जबड्यात त्यांचा निळा-पिवळा मासा होता, आणि अनंतराव लहान मुलासारखे रडत होते.

ज्ञानदेवनं जबड्यातला आकडा काढला. "शेपटी धरा, दम घेऊ दे तेका." हेमाताईंनी वाकून, पाण्यात हात घालून शेपटी धरली. जन्मात माशाला न शिवलेले हात! त्या शेपटीत केवढी ताकद, केवढा जीव! तो धडधडणारा जीव मनगटातून त्यांच्या छातीपर्यंत आला. मग एक झटका, आणि तो निळ्या पाण्यात खाली, खाली, दिसेनासा झाला. हेमाताई ओले हात तसेच धरून बसून राहिल्या. धरायचाच कशाला, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर कात्रजचा बोगदा ओलांडल्यावर अनंतराव म्हणाले, "मासा तू धरलास. मी नाही. अट म्हणजे अट."

"अहो, पण..."

"सही आहे माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खरंच आवरायला घेतलं. करवत, कानस, बाटल्या खोक्यात गेल्या. प्रत्येक वस्तू पुसून ठेवत होते. टेबल उचलायला त्यांनी हात घातला तेव्हा हेमाताई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. ती पाठमोरी मान बघून त्यांना गलबलून आलं, पण आवाज नेहमीसारखाच कोरडा निघाला.

"आता बाल्कनी माझी ना?"

"तुझी."

"लेखी?"

"लेखी."

"मग इथे काय राहील ते मी ठरवणार. टेबल ठेवा खाली. भिंतीला लावा. कठड्याची ही दोन हात जागा टोपलीला सोडा. आणि एक स्टूल आणा."

"स्टूल कशाला?"

हेमाताईंनी पदराखालून तो निळा-पिवळा मासा काढून टेबलावर ठेवला. जबड्यानं रंग खरवडून आतलं पांढरं लाकूड उघडं पडलं होतं.

"याला रंग लावायचा नाही. हा असाच राहील," त्या म्हणाल्या. "दुसरा करायचाय. मी तासते, तुम्ही डोळे बसवा."

थोड्या वेळानं खालून शालूनं हाक मारली. हेमाताईंनी भुशानं भरलेल्या हातांनी टोपली खाली सोडली.