ढगाळ दिवसाचं गरम पाणी

सलग तिसरा दिवस ढगाळ होता, तरी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी अठ्ठ्याऐंशी अंशांवर होतं. नळीताईनं तापमापकाच्या काचेवर टिचकी मारून पाहिलं. काटा हलला नाही.

वृद्धाश्रमातले सगळे तिला नळीताईच म्हणायचे. तिथलं काम तिनं आणि तिच्या दादानं मिळून केलं होतं. काळ्या नळ्यांत सूर्य पाणी तापवणार. थंडीत त्या पाण्यानं खोल्या ऊबदार राहणार, उन्हाळ्यात त्याच उष्णतेवर तळघरातलं यंत्र गारवा करणार. "गरम पाण्यानं गार? उद्या आगीनं आग विझवशील," असं म्हणणाऱ्या आजींना तिनं स्वतः शब्द दिला होता.

ती टाकीमागे गेली. एका जागी आवरण नवं दिसलं. कापलं, तर आत विजेचा हीटर. जोडावर टेप उलटी गुंडाळलेली. तशी गुंडाळणारा एकच माणूस तिला ठाऊक होता. त्यानंच तिला पाना धरायला शिकवलं होतं.

दादा वर आला आणि तिथंच थबकला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"शेजारची इमारत उठली तेव्हापासून. दुपारनंतर सावली पडते. उद्याची तपासणी होऊ दे, मग बघू."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कबूल झाली असतीस? चाचणीच्या कागदावर सहीपण तुझीच ठोकलीय मी. तुझ्या नावावर कुणी शंका घेत नाही."

परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन ती मोकळी झाली असती. इथं पाठीवर हात ठेवणाऱ्यानंच केसानं गळा कापला होता. ती खाली उतरली.

सकाळी तपासनीस आले. त्यांनी वही उघडायच्या आत ती त्यांना टाकीमागे घेऊन गेली. "सही माझी नाही," ती म्हणाली, "पण काम माझं आहे."

प्रमाणपत्र नाकारलं गेलं. दादानं त्याच दुपारी हत्यारं उचलली. जाताना एवढंच म्हणाला, "घरचं घरात ठेवायचं असतं."

पुढच्या दोन महिन्यांत तिनं निम्म्या नळ्या गच्चीच्या मोकळ्या टोकाला हलवल्या. आता जेवणघर आणि आजारी माणसांच्या चार खोल्या उन्हावर गार राहतात. बाकी ठिकाणी पंखे आहेत, आणि तसं तिनं दारावर लिहून लावलंय.

दादाचा फोन अधूनमधून येतो. ती उचलते, आईच्या गुडघ्यांचं विचारते. कामाचा विषय निघाला की फोन ठेवते.