मुका दम

आपल्याला प्रिय असलेली वस्तू दुसऱ्याच्या ओंजळीत घालणे हे दानच होय. परंतु त्या दानातून अनर्थ उद्भवला, तर त्याचे दायित्व दात्याकडे किती, याचा निवाडा सोपा नाही. त्याहून कठीण गोष्ट अशी की, मनुष्याचा प्रामाणिक पश्चात्तापसुद्धा दुसऱ्याच्या अन्यायावर पांघरूण घालण्याच्या कामी येऊ शकतो.

चपलांचे तळ कापणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणत, कारण एकाच घरात राहणारी तिची धाकटी नणंद तिथे आधीपासून कामाला होती. दोघी एकाच प्रेसवर होत्या. नणंद रबराचा तक्ता साच्याखाली सरकवी; वहिनी पायाने पट्टी दाबी, की जड लोखंडी ठोकळा खाली येई आणि तळ कापला जाई.

दालनाच्या भिंतीवर एक स्पीकर होता. त्यावर काय वाजावे हे ठरवण्याचा मान वहिनीचा. गाजलेली गाणी तिला वर्ज्य. "ते तर पाळण्यातल्या पोरालाही पाठ झालंय," म्हणून ती नाक मुरडी. तिचा जीव रमे तो फारसे कोणी न ऐकलेल्या गळ्यांत. आठवडाभर दवाखान्याची फरशी पुसून सुटीच्या दिवशी चाली बांधणारी एक मुलगी. दोघे रंगारी भाऊ, ज्यांच्या नाचाच्या गाण्यात रिकाम्या डब्यावर कुंचला आपटल्याचाच ताल होता. अशांना ती फोनवर हुडकून काढी आणि जेवणाच्या सुटीनंतर साऱ्यांना त्यांची ओळख करून देई.

"आज कोणाला पकडून आणलंय?" शेजारच्या यंत्रावरचे आप्पा विचारीत.

"बस धुणारी आहे एक. आवाज असा, आप्पा, की तुमचा गुडघासुद्धा नाचेल."

"नाचू दे. परत जागेवर आला म्हणजे झालं."

नाचाच्या गाण्यांत एक जागा येते. ढोल एकाएकी थांबतो, क्षणभर शांतता पसरते, आणि मग ताल दुप्पट जोमाने परततो. त्या शांततेला दालनात 'मुका दम' म्हणत. मुकादमावर केलेली ती कोटी होती, कारण तोही आला की सारे असेच गप्प होत. हळूहळू सर्वांचे हातपाय गाण्यावरच चालू लागले. ठेक्यावर ठोकळा पडे; मुका दम आला की वहिनी पाय उचली, आणि नणंद साच्याखाली हात घालून अडकलेले कातरण काढी. कोणी कोणाकडे पाहत नसे. पूर्वी तिथे एक जाळी होती; ती खाली आल्याखेरीज ठोकळा हलत नसे. काम मंदावते म्हणून मालकांच्या सांगण्यावरून मुकादमाने ती काढून ठेवली होती.

बस धुणाऱ्या मुलीचे गाणे वहिनीने घरी स्वयंपाक करताना इअरफोन लावून पुनःपुन्हा ऐकले होते. त्यातला मुका दम फसवा होता. अपेक्षेच्या आधीच ढोल परते. तीच तर त्याची गोडी.

"पुढे एक गंमत आहे, वन्सं. पण सांगणार नाही. सांगितली तर मजा जाईल."

"नको सांगूस बाई. तुझी नाटकं."

शांतता आली. नणंदेचा हात आत गेला. ढोल परतला, आणि ज्या पायाला तो पाठ होता, तो पाय त्याच्याबरोबर खाली आला.

उजव्या हाताची दोन बोटे गेली.

चौकशीसाठी आलेल्या फॅक्टरी इन्स्पेक्टरांना नणंद औषधाच्या गुंगीत एवढेच म्हणाली, "मुकादम लवकर संपला." त्यांनी समजून घेतले ते असे, की मुकादम आपली पाळी लवकर संपवून निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मुकादम वहिनीच्या घरी आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"मी कुठे गेलो नव्हतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो मुका दम गाण्यातला. तेवढंच साहेबांना सांगा. एक अक्षर खोटं नको."

"आणि जाळी?"

"विचारलं नाही तर कशाला बोलायचं? गाणं तुमचं, पाय तुमचा. यात काय खोटं आहे, वहिनी?"

खोटे काहीच नव्हते. म्हणूनच ते तिच्या अंतःकरणात रुतले. तिचे मन आधीच शिक्षेसाठी आसुसले होते. सारा दोष आपल्या माथी घेतला, तर निदान डोळ्याला डोळा तरी लागेल, असे तिला वाटले. ती दवाखान्यात नणंदेच्या खाटेपाशी जाऊन बसली.

"मी सांगून टाकते, वन्सं. सगळं माझ्यामुळे झालं."

नणंदेने पट्ट्यांत गुंडाळलेला हात उशीवर नीट ठेवला. "हो. तुझ्यामुळे झालं."

वहिनीने मान खाली घातली.

"ते मी विसरायची नाही, आणि तूही विसरू नकोस. पण जाळी असती तर ठोकळा हलला असता का? ती तू काढलीस?"

"नाही."

"मग सगळं अंगावर कशाला घेतेस? मोठी आली दानशूर. उद्या तिथे दुसरीचा हात जाईल, आणि तू घरी समाधानाने रडत बसशील." काही वेळाने ती म्हणाली, "पाणी पाज. डाव्या हाताला सवय नाही, पेला धरवत नाही."

इन्स्पेक्टरांपुढे वहिनी उभी राहिली, तेव्हा मुकादम भिंतीला टेकून उभा होता.

"साहेब, मुकादम तिथेच होते. आमच्यात मुका दम म्हणजे गाण्यातली शांतता. त्या गाण्यात ती लवकर संपते, हे मला माहीत होतं. मी वन्संना सांगितलं नाही. पाय माझा होता."

मुकादमाने सुस्कारा सोडला.

"आणि जाळी यांनी काढली, मालकांच्या सांगण्यावरून. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. काम भरभर उरकतं म्हणून आम्हीही गप्प बसलो."

मुकादमाने पुन्हा श्वास घेतला तो बऱ्याच वेळाने.

"हे बोलल्यावर कामावर ठेवतील तुम्हाला?" इन्स्पेक्टरांनी विचारले.

"नाही ठेवायचे, साहेब."

तसेच झाले. साऱ्या यंत्रांवर जाळ्या पुन्हा बसल्या, स्पीकर उतरला, आणि वहिनीची जागा दुसरीला मिळाली. नणंदेलाही परत घेतले नाही. मालक दालनात पूर्वी कधी दिसला नव्हता, तो पुढेही दिसला नाही. घरात दोघींचे बोलणे कामापुरतेच राहिले. क्षमा मागितली गेली नाही, दिलीही गेली नाही. पण नणंदेची वेणी रोज सकाळी वहिनीच घाली, आणि नणंद मुकाट्याने तिच्याकडे पाठ करून बसे.

त्या हाताच्या उरलेल्या बोटांत बळ येवो. त्या पायाला भूमीवर पुन्हा निःशंक टेकता येवो. आणि कुठेतरी बस धुताना गुणगुणणाऱ्या त्या अजाण मुलीला, जिला यातले काहीच ठाऊक नाही, सुखाने गाता येवो.